हप्ता मोठा, भाडे छोटे

नोकरीत आठ-दहा वर्षे झाली, राहत्या घराची सोय लागली आणि हाताशी पंधरा-वीस लाख जमले, की मध्यमवर्गीय घरात एक विषय हमखास निघतो. कर्ज काढून आणखी एक फ्लॅट घ्यावा आणि भाड्याने द्यावा का? एक जण म्हणतो, भाडेकरू हप्ता फेडेल आणि वीस वर्षांनी फ्लॅट आपला होईल. दुसरा म्हणतो, भाड्यात काय आहे, त्याच पैशाची एसआयपी कर. वाद जुनाच आहे, पण गेल्या दहा वर्षांत त्याखालची जमीन बरीच सरकली. गृहकर्जाचे दर रेपो दराला बांधले गेले, महारेरा आले, प्राप्तिकराची नवी प्रणाली आली आणि इमारतीचे छोटे तुकडे शेअर बाजारात विकत मिळू लागले. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यासमोर आज कोणत्या बाजू आहेत आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा मुख्यतः मुंबई-पुणे पट्टा डोळ्यासमोर ठेवून घेतला आहे.

भाडेकायद्याची सावली

घरमालकाच्या मनातली भीती समजून घ्यायची तर १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यापर्यंत मागे जावे लागते. युद्धकाळातली घरटंचाई आणि फाळणीनंतरचे लोंढे या पार्श्वभूमीवर आलेल्या या कायद्याने जुन्या जागांचे ‘प्रमाण भाडे’ १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवले. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे टिकला. मालकाला दुरुस्तीपुरतेही भाडे सुटेना, चाळी खचत गेल्या आणि अधिकृत भाड्याच्या आडून पागडीचा व्यवहार वाढला.

मग मालकांनी भाडेकरू ठेवण्याऐवजी ‘लायसन्सी’, म्हणजे भाडेहक्काविना फक्त वापराची परवानगी असलेले रहिवासी, ठेवायला सुरुवात केली. पण १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सींना भाडेकरूचे संरक्षण दिले. ‘एकदा दिलेली जागा परत मिळत नाही’ हा समज तेव्हापासून घट्ट झाला. प्रमाण भाड्याची ही तरतूद आता अवाजवी ठरली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाडेकरूंसाठी वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली आणि मुदत संपलेल्या लिव्ह अँड लायसन्सची जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा जलद मार्ग दिला.

या इतिहासाचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार भारतीय शहरांतला भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ साली ५४ टक्के होता, तो २०११ साली २८ टक्क्यांवर आला. त्याच पाहणीत एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी असल्याची नोंद आहे. घर कुलूप लावून ठेवणे परवडले, पण भाड्याने देणे नको, असे मानणारे मालक आजही भेटतात.

बँक किती देते, आपण किती घालायचे

गृहकर्ज किती मिळेल याची वरची मर्यादा रिझर्व्ह बँकेने आखून दिली आहे. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. किंमत १० लाखांहून जास्त असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या हिशोबात धरली जात नाही. ती खिशातूनच जाते. पुणे, ठाणे, नागपूर अशा शहरांत स्थानिक संस्थेचा अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, मुंबईत ६ टक्के. महिलेच्या नावावर खरेदी असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी फी कमाल ३० हजार. इमारतीचे काम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांना १ टक्का), भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला तो नाही.

व्याजदराचे वळण ऑक्टोबर २०१९ मध्ये आले. तेव्हापासून बँकांच्या नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जांचा दर रेपोसारख्या बाह्य दराशी जोडला जातो. मे २०२२च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला आणि २०२५ मध्ये पुन्हा खाली आला. दर चढत असताना अनेक कर्जदारांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. त्यावर, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावे, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बजावले. बदलत्या दराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडण्यावर दंड नाही, ही जमेची बाजू.

‘दुसऱ्याच्या पैशाने श्रीमंत व्हा’ हा विचार आपल्याकडे रुजला त्यात रॉबर्ट कियोसाकी यांच्या ‘रिच डॅड पुअर डॅड’सारख्या अमेरिकी पुस्तकांचा हात आहे. पण तिथल्या खरेदीदाराला तीस वर्षे न बदलणाऱ्या दराचे कर्ज सहज मिळते. आपल्याकडे व्याजाचे चढउतार कर्जदाराच्या माथी असतात, आणि घराच्या किमतीच्या मानाने भाडेही तोकडे असते.

एक फ्लॅट, एक हिशोब

कल्पनेतले पण नेहमीचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या उपनगरात ७५ लाखांचा तयार वन-बीएचके. कर्ज ६० लाख, २० वर्षे, साडेआठ टक्के. हप्ता ५२ हजारांच्या थोडा वर. स्वतःचे १५ लाख, मुद्रांक शुल्क सव्वापाच लाख आणि नोंदणी ३० हजार, म्हणजे पहिल्या दिवशी साडेवीस लाख गेले. भाडे २० हजार. वर्षातला एक महिना घर रिकामे राहील असे धरले तर हाती २ लाख २० हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर, रंगरंगोटी-नळदुरुस्ती मिळून ६१ हजार वजा केले की उरतात १ लाख ५९ हजार. एकूण खर्चाच्या मानाने हा परतावा दोन टक्क्यांच्या आसपास.

हप्त्यांपोटी मात्र वर्षाला सव्वासहा लाख भरायचे आहेत. म्हणजे सुमारे ४ लाख ६६ हजारांची, महिन्याला जवळपास ३९ हजारांची तूट पगारातून भरून काढायची. भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले तर ते हप्त्याइतके व्हायला साडेएकोणीस वर्षे लागतात, तोवर कर्जच संपत आलेले असते. ८ टक्के वाढ धरली तरी बारा वर्षांहून अधिक.

आता पाच वर्षांनी फ्लॅट विकला असे समजू. भाडे ५ टक्क्यांनी वाढत गेले, तर तोवर खिशातून गेलेली एकूण रक्कम सुमारे ४२ लाख ७० हजार होते आणि बँकेचे सुमारे ५२ लाख ९० हजार देणे उरलेले असते. फ्लॅटची किंमत दरवर्षी ५ टक्के वाढली असेल, तर कर्ज फेडून हातात सुमारे ४२ लाख ८० हजार येतात. घातले तेवढेच परत. वाढ ८ टक्के असेल तर साडेचौदा लाखांचा नफा. ३ टक्केच असेल तर साडेआठ लाखांचा तोटा. दलाली आणि कर यात धरलेले नाहीत. घराच्या किमतीतला दोन-तीन टक्क्यांचा फरक खरेदीदाराच्या पदरात किती मोठा होऊन पडतो, हे यातून दिसते, आणि पुढचे बहुतेक मतभेद याच जागी येऊन थांबतात.

घर घ्यावे म्हणणारे

या बाजूचा पहिला मुद्दा कर्जाचा. इतक्या कमी व्याजाने, इतक्या लांब मुदतीचे कर्ज सामान्य पगारदाराला घर सोडून दुसऱ्या कशासाठीही मिळत नाही. साडेवीस लाख घालून ७५ लाखांच्या मालमत्तेची वाढ आपल्या नावावर लागते. दुसरा मुद्दा महागाईचा. दर स्थिर राहिला तर हप्ता वीस वर्षे तोच राहतो, पगार आणि भाडे मात्र वाढतात. पहिली पाच-सात वर्षे ओढाताण, मग ओझे हलके.

तिसरा मुद्दा स्वभावाचा आहे आणि तो हलका लेखता येत नाही. एसआयपी एका क्लिकवर बंद होते, हप्ता चुकवता येत नाही. ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही त्यांच्यासाठी गृहकर्ज ही सक्तीची बचत ठरते. शिवाय घसरणारा भाव मोबाइलवर रोज दिसत नसल्याने घाबरून विकण्याची वेळ येत नाही. चौथा मुद्दा पुनर्विकासाचा: मुंबईत आणि आता पुण्यातही जुन्या सोसायटीतले घर घेणारे अनेक जण भाड्यापेक्षा पुढे मिळणाऱ्या वाढीव क्षेत्रफळावर नजर ठेवून असतात. तिथे सोसायटीच्या नावे जमीन झाली आहे का, अभिहस्तांतरण किंवा डीम्ड कन्व्हेयन्स पूर्ण आहे का, यावर सारे अवलंबून राहते.

घेऊ नये म्हणणारे

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे. दोन-तीन टक्के परतावा देणारी वस्तू साडेआठ टक्क्यांच्या कर्जाने घेतली तर मधली तूट किमतीच्या वाढीनेच भरून निघायला हवी. आणि ती वाढ गृहीत धरण्याजोगी नाही. रिझर्व्ह बँकेच्या घरकिंमत निर्देशांकात २०२१ ते २०२४ या काळातल्या बहुतांश तिमाहींत वार्षिक वाढ ५ टक्क्यांच्या खालीच राहिली. सारी जमापुंजी एका शहरातल्या, एका इमारतीतल्या, एका फ्लॅटमध्ये अडकते. नोकरी गेली तर हप्ता थांबत नाही, आणि फ्लॅटची एक खोली विकून पैसे उभे करता येत नाहीत.

यावर पहिल्या बाजूचे उत्तर असे की एसआयपीचे आकडे सांगताना १२ टक्के परतावा सहज गृहीत धरला जातो, तोही हमीचा नाही. आणि सरासरी निर्देशांक एखाद्या विशिष्ट रस्त्यावरच्या इमारतीबद्दल काही सांगत नाही. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा वाढीचा दर धरतात, म्हणून एकाच फ्लॅटचे दोन हिशोब दोन टोकांना जातात.

मधल्या वाटा

काही जण वाद सोडून मालमत्ताच बदलतात. दुकानाच्या गाळ्याला किंवा छोट्या कार्यालयाला किमतीच्या मानाने भाडे फ्लॅटपेक्षा चांगले मिळते, पण कर्ज महाग आणि कमी मुदतीचे असते आणि गाळा रिकामा पडला तर महिनोन्महिने पडून राहतो. चाकण, भोसरीसारख्या औद्योगिक पट्ट्यात स्थानिक कुटुंबांनी आपल्या जागेत ओळीने खोल्या बांधून कामगारांना भाड्याने दिल्या. त्यांचे गणित जमते, कारण जमीन घरचीच असते. बाहेरून जमीन विकत घेणाऱ्याने तीच नक्कल केली तर आकडे तसे येत नाहीत, शिवाय बांधकाम परवानगीचा प्रश्न उरतो. महाविद्यालयांच्या आसपास पीजी चालवणे हा तर निव्वळ व्यवसाय आहे. त्यात माणूस गुंतवावा लागतो. गोव्यात पर्यटकांना फ्लॅट देणाऱ्यांना पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि परप्रांतीयांच्या दुसऱ्या घरांमुळे किमती चढल्याची स्थानिकांची तक्रारही तिथे ऐकू येते.

कागदावरची वाट रीटची, म्हणजे इमारतींचे तुकडे शेअर बाजारात विकणाऱ्या न्यासांची. सेबीने २०१४ साली नियम केले आणि २०१९ साली एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट बाजारात आला. त्यामागून माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, नेक्सस आले. वाटण्याजोग्या उत्पन्नाचा किमान ९० टक्के हिस्सा युनिटधारकांना द्यावाच लागतो, आणि युनिट शेअरसारखे विकता येते. मात्र या मोठ्या रीटच्या हाती कार्यालये आणि मॉल आहेत, आणि साडेवीस लाखांत ७५ लाखांचे युनिट घ्यायला बँक गृहकर्ज देत नाही. ज्याला कर्जाच्या जोरावरची वाढ हवी आहे त्याचे समाधान रीटने होत नाही.

कर: जुन्या सल्ल्याची मुदत संपली

‘कर वाचवायला दुसरे घर घ्या’ हा सल्ला एकेकाळी बरोबर होता. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जावरचे सारे व्याज वजा करता येई आणि झालेला तोटा पगाराच्या उत्पन्नातून पूर्ण वळता होई. २०१७च्या अर्थसंकल्पाने ही वजावट वर्षाला २ लाखांवर आणली. जुन्या कर प्रणालीत उरलेला तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो, पण तो घरभाड्याच्या उत्पन्नातूनच. नव्या प्रणालीत व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते, मात्र तोटा पगारातून वळता होत नाही. आपल्या उदाहरणातल्या मालकाला जुन्या प्रणालीत, ३० टक्क्यांच्या टप्प्यात, वर्षाला सुमारे ६२ हजारांचा लाभ होईल. नव्या प्रणालीत तो शून्य. २०२३-२४ पासून नवी प्रणालीच आपोआप लागू होते. भाड्यावरची ३० टक्के प्रमाणित वजावट दोन्हीकडे कायम आहे.

विक्रीच्या वेळचा नियम जुलै २०२४ मध्ये बदलला. दीर्घकालीन नफ्यावर आता महागाईचा लाभ न देता साडेबारा टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तींना जुना २० टक्क्यांचा पर्याय ठेवला आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी मालकांना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्यांच्या भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के आणि वर उपकर कापून सरकारकडे भरायचा असतो. अनेक भाडेकरूंना हे माहीतच नसते आणि भाव-भाडे ठरवून झाल्यावर त्यावरून खटके उडतात.

कागद आणि सोसायटी

भाडेकरार ११ महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९च्या कायद्यानुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खर्च मात्र किरकोळ आहे. २० हजार भाडे, ६० हजार डिपॉझिट, ३६ महिने मुदत असेल तर एकूण भाडे ७ लाख २० हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज १८ हजार, आणि या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे १,८५० रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार. हे सारे घरबसल्या ऑनलाइन होते. मुदत संपूनही लायसन्सी जागा सोडत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई मागता येते.

मुंबईतली हेवी डिपॉझिटची पद्धत नवख्याला मोहात पाडते. भाडे नाममात्र किंवा नाहीच, त्याऐवजी मोठी अनामत. ती कर्जात भरली की हप्ता हलका होतो. पण करार संपला की ती रक्कम उभी करावी लागते, म्हणजे ते आणखी एक कर्जच झाले. डिपॉझिट २० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर ते रोखीत घेऊ नये.

घर भाड्याने दिले की सोसायटी ना-वापर शुल्क लावते, पण २००१च्या शासन आदेशाने त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि उच्च न्यायालयाने ती उचलून धरली आहे. अविवाहित भाडेकरू, मांसाहार, पाळीव प्राणी यांवरून सोसायटीचे अलिखित नियम मात्र भाडेकरूंची संख्या कमी करतात. घर रिकामे राहण्याचे दिवस मोजताना ही गोष्ट धरायला हवी. खरेदीपूर्वी सूची क्रमांक दोन, तीस वर्षांचा टायटल सर्च आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहणे हे तर पहिल्या घराइतकेच दुसऱ्यालाही लागू.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न आकडेवारीचा. घरांच्या किमतींचा निर्देशांक नोंदणीतल्या किमतींवर उभा आहे. व्यवहारात रोखीचा हिस्सा असेल तर तो त्यात येत नाही. भाड्यांचा, त्यातून घर रिकामे राहण्याच्या कालावधीचा, इमारतीगणिक विश्वासार्ह तपशील सामान्य खरेदीदाराला मिळत नाही. तो दलालाच्या तोंडच्या आकड्यावर विसंबतो.

दुसरा कायद्याचा. केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. त्यात निवासी डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आणि स्वतंत्र भाडे न्यायालयांची कल्पना आहे. तो स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर आहे. मुंबईत पागडीच्या इमारतींचा जुना गुंता तसाच असताना नवा कायदा कसा बसवायचा, यावर मालक, भाडेकरू आणि विकासक यांचे एकमत नाही.

तिसरा प्रश्न सार्वजनिक हिताचा. भाड्याच्या घरांची शहरांना गरज आहे, पण कर सवलती मुख्यतः घर घेणाऱ्याला मिळतात, भाड्याने घर देणाऱ्याला फारशा नाहीत. एक-दोन फ्लॅटच्या छोट्या मालकांवर ही व्यवस्था चालवायची की मोठ्या संस्थांनी भाड्याच्याच इमारती बांधायच्या, याचा निर्णय धोरणात झालेला नाही. इतक्या कमी परताव्यावर संस्था यात उतरतील का, हाही प्रश्न आहेच.

या सगळ्यातून नवख्याच्या हाती एक चाचणी उरते. आपल्या फ्लॅटचे आकडे वरच्या उदाहरणात घालावेत, किमतीची वाढ ३ टक्के, घर वर्षातून दोन महिने रिकामे आणि व्याज एक टक्का जास्त धरावे. ६० लाखांच्या कर्जावर तो एक टक्का महिन्याला सुमारे ३,९०० रुपये वाढवतो. एवढे धरूनही येणारी तूट पगारातून सात-आठ वर्षे निभावण्याची तयारी असेल आणि सहा हप्त्यांची रक्कम वेगळी बाजूला असेल, तरच टोकन द्यावे. ती नसेल, तर भाडे हे कारण पुढे करून घर घेऊ नये.